वाढत्या मापाचे

पिठाची सात पोती.
यीस्ट दुप्पट घे, निबाल्दो म्हणाला,
आधीच्या दीपगृहवाल्याचं म्हणे जूनमध्येच संपलं,
त्याची बायको डिसेंबरपर्यंत चपटे पाव भाजत राहिली
आणि पावांवरूनच त्याच्याशी बोलायची बंद झाली.
हसलो आम्ही. मग मी तिप्पट लिहिलं.

वेण्या घातलेले कांदे. येर्बाचा कडू पाला, चाळीस पुडे.
शिवणयंत्राच्या सुया. फाकुंदोच्या आठव्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या.
सहा कोंबड्या, ज्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही.
मंगळवारी जाऊन दाढ काढून आले.
दुखत नव्हती. दुखेल म्हणून काढली.
बेटावर डॉक्टर म्हणजे रेडिओ,
आणि रेडिओला हात नसतात.

मग म्लादिनिचच्या दुकानात.
वारा असा, की दार दोघांनी मिळून ओढलं.
सात वर्षांचा पाय वर्षभरात किती वाढतो? मी विचारलं.
म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर ढकलला.
त्याचा आजा ब्राच बेटावरून इथं उतरला तेव्हा
बापाचे बूट घालून उतरला होता, पुढे लोकर कोंबून.
हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.
बोटभर, म्हणाला. दूध मिळालं तर दीड बोट.
दुधाची पावडर आहे यादीत.
मग दीड धरा.

तीन जोड घेतले: एक आत्ताचा, एक हिवाळ्याचा, एक परतीचा.
परतीच्या बुटांत फाकुंदोनं दोन्ही मुठी घातल्या
आणि बुटांना एकमेकांशी भांडायला लावलं.

आणि मोठीला? म्लादिनिचनं विचारलं.

मोठी इथंच राहणार.
बेटावर शाळा म्हणजे मी,
आणि माझं गणित सहावीत संपतं.
यास्नाला तेरावं लागलंय. ओतिलिया मावशीच्या माडीवर
खिडकीखाली खाट टाकलीय तिची.
लागतील तेव्हा मावशी घेईल, म्हटलं,
आणि पैसे मोजताना दोनदा चुकले.

आदल्या रात्री, पेट्यांना दोर आवळून झाल्यावर,
पिठाच्या रिकाम्या पिशवीचा खाकी कागद फाडून
जमिनीवर पसरला.
उभी राहा.
कशाला?
राहा गं.
टाचेपासून पेन्सिल फिरवत नेली,
अंगठा, मग एकेक बोट;
शेवटाला तिला गुदगुल्या झाल्या,
हसली, आठवड्यात पहिल्यांदा,
आणि पेन्सिल घसरून करंगळी लांबच लांब झाली.
पुन्हा काढतेस?
नको. असू दे.

सकाळी धक्क्यावर नौदलाची बोट.
खलाशी डोक्यावर खुराडं घेऊन फळीवरून गेला,
कोंबड्या गप्प.
निबाल्दो तिसऱ्यांदा यादी तपासत होता.
बोलणं न सुचलेला माणूस मोजत बसतो.

यास्नाच्या पायांत माझे जुने बूट होते,
टाच झिजलेले, मी टाकून दिलेले.
न विचारता घेतले होते.
बसत होते तिला.
कधीपासून, मला ठाऊक नव्हतं.

पाय निघत नाही, असं आई म्हणायची
साध्या बाजाराला जातानासुद्धा.
माझा निघाला.
आधी उजवा, मग डावा, ओल्या फळीवरून,
दोन्ही काही न झाल्यासारखे.

आता सामुद्रधुनी. गावाचे लाल-हिरवे पत्रे
आधी वेगवेगळे होते, मग एकच रंग झाले, मग नुसता धूर.
फाकुंदो बादलीत तोंड घालून विचारतोय, अजून किती?

खाकी कागद पेटीत नाही ठेवला.
स्वेटरच्या आत आहे, अंगाच्या उबेनं मऊ पडलाय.
परतल्यावर त्यावर तिला उभी करीन,
वाकून बघीन कुठून कुठून बाहेर आलीय ती.
करंगळीचं तेवढं कळणार नाही.
ती आत्ताच पुढे निघून गेलीय.